मेकाँगवरचा मैत्री पूल: सोलापूर ते नाँगखाई आणि व्हिएन्तियान

थायलंडमधलं नाँगखाई हे गाव आणि लाओसची राजधानी व्हिएन्तियान यांच्या मधून मेकाँग वाहते. तिच्यावर १,१७० मीटर लांबीचा पूल आहे. ८ एप्रिल १९९४ रोजी तो सुरू झाला. मेकाँगच्या खालच्या खोऱ्यातला हा पहिला पूल, बांधला ऑस्ट्रेलियाच्या पैशातून. त्याचं नावच थाई-लाओ मैत्री पूल. पुढे असेच आणखी पूल झाल्यावर याच्या नावाला ‘पहिला’ हा शब्द जोडला गेला.

बँकॉकहून लाओसला निघालेले बहुतेक प्रवासी हा पूल दहा मिनिटांत ओलांडतात आणि विसरून जातात. आमचं मत असं, की सगळा आठवडा या पुलाभोवतीच घालवावा. एक दिवस अलीकडच्या काठावर, तीन दिवस पलीकडच्या, जाताना बसने आणि येताना रेल्वेने. मग एका नदीने दोन देश कसे वेगळे केले आणि काय काय वेगळं करणं तिला जमलेलं नाही, हे दोन्ही दिसतं.

निघण्याआधी

जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपावी आणि निघावं. तिकडे तेव्हा पाऊस नसतो, पहाटे चांगला गारवा, दुपारी आपल्याकडच्या डिसेंबरइतकंच ऊन. मेकाँगचं पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे पुलाचे खांब खालपर्यंत दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे शेतं जाळतात, त्या धुराने समोरचा काठही पुसट होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदी भरून वाहते. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘यागी’ वादळानंतरचं पाणी नाँगखाई आणि व्हिएन्तियान दोन्ही गावांत शिरलं होतं.

कागदपत्रांचं नीट समजून घ्यावं. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी आणि दोन-तीन कोरी पानं हवीत. थायलंडमध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो की नाही, याचे नियम बदलत असतात. किती दिवस राहता येतं, हेही बदलतं. तिकीट काढण्याच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा बघावं. मे २०२५ पासून ‘थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड’ भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात, ती टाळावीत. कार्ड दर प्रवेशाला नव्याने भरायचं असतं. लाओसहून पूल ओलांडून परत येणं हाही नवा प्रवेशच, आणि नेमकं हेच लोक विसरतात.

लाओसचा व्हिसा पुलावरच मिळतो. त्यासाठी पासपोर्ट आकाराचा फोटो आणि रोख अमेरिकन डॉलर लागतात. शुल्क देशागणिक वेगळं आहे. भारतीयांनी माणशी पन्नास डॉलर बाजूला ठेवले तर अडचण येत नाही. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या, न फाटलेल्या असाव्यात. पेनाची रेघ असलेली नोट खिडकीतून परत येते. तेच शुल्क थाई चलनात, म्हणजे बाटमध्ये भरलं तर महाग पडतं.

घरातल्या ज्येष्ठांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (स्थलांतर तपासणी आवश्यक) असा शेरा असेल, तर परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून बरोबर ठेवावं. दहावी न झालेल्या गिरणी कामगारांच्या पिढीत हा शेरा आजही सापडतो, आणि थायलंड त्या यादीतल्या देशांमध्ये आहे. विमानतळावर चौकशी होते. कागद हातात असले की ती लवकर आटोपते.

खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्यावीच. दोन्ही टिकतात, सांडत नाहीत. चटणी हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत टाकावी, कारण भुकटीसारखे पदार्थ तपासणीत उघडायला लावतात. घट्ट झाकणाची बरणी आणि वर प्लास्टिकची पिशवी, नाही तर तेल कपड्यांना लागतं.

शुक्रवार रात्र, शनिवार: हैदराबादमार्गे बँकॉक

सोलापूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं आणि तिथूनही बँकॉकला थेट विमानं आहेत. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असा रस्ता आहे. शमशाबादचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे शहरात न शिरता बाहेरच्या रिंग रोडने जावं. बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. लाओसचंही तेच, म्हणून पूल ओलांडताना काटे फिरवावे लागत नाहीत.

रविवार: बँकॉक आणि रात्रीची गाडी

दिवस मोकळा असतो, तो राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ मंदिराला द्यावा. इथली हिरव्या दगडाची बुद्धमूर्ती या प्रवासाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. दोनशेहून अधिक वर्षं ती व्हिएन्तियानमध्ये होती. अठराव्या शतकात सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या सैन्याने ते शहर जिंकलं आणि मूर्ती नदीच्या अलीकडे आणली. बुधवारी व्हिएन्तियानमध्ये तिचं रिकामं मंदिर बघायचं आहे, म्हणून आधी मूर्ती बघावी. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. तिकीट माणशी पाचशे बाट आहे. महाग आहे, पण टाळू नये.

नाँगखाईची रात्रीची गाडी क्रुंग थेप अफिवाट या नव्या स्थानकावरून सुटते. ते बांग सू भागात आहे. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या हुआ लाम्फाँग या जुन्या स्थानकावरून इकडे हलवल्या. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘रेल्वे स्टेशन’ म्हटलं तर तो जुन्या स्थानकावर नेऊन सोडण्याची शक्यता असते. मेट्रोने बांग सूला उतरणं सर्वांत सोपं.

साधारण ६२० किलोमीटरचा प्रवास आहे. दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित शयनयानात बर्थ गाडीच्या लांबीला समांतर असतात. खालचा बर्थ रुंद आणि खिडकीचा, वरचा अरुंद आणि बिनखिडकीचा, म्हणून खालचाच घ्यावा. रात्री कर्मचारी येऊन गादी, चादर, उशी लावून देतो. पांघरूण मिळतं, पण एसी इतका गार असतो की पहाटे ते पुरत नाही. आपली एक सोलापुरी चादर बॅगेत वर ठेवावी. गाडीत दारू पिण्यावर बंदी आहे, त्यामुळे कुटुंबासह जायला ही गाडी निवांत आहे.

सोमवार: नाँगखाई

गाडी सकाळी पोहोचते. स्थानकाबाहेर तीनचाकी टुकटुक उभ्या असतात. बसण्याआधी भाडं ठरवावं. गाव नदीकाठाने लांबट पसरलेलं आहे आणि काठावर पायी फिरायचा सलग रस्ता आहे. सकाळी धुकं इतकं होतं की लाओस दिसतच नव्हता, नुसते पलीकडच्या कोंबड्यांचे आवाज येत होते. आठच्या पुढे धुकं फाटलं आणि समोर घरं, झाडं, मंदिराचं निमुळतं शिखर असा एकेक भाग उघडा पडला.

पाणी उतरलेल्या काठांवर दोन्ही बाजूंना भाजीचे वाफे होते. कोथिंबीर, कांद्याची पात, कोबी, लेट्यूस. उजनीच्या गाळपेर जमिनी ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना हा हिशोब लगेच कळतो. पाणी मागे सरकेल तसतसा वाफा खाली सरकतो. गाळ असल्याने खत कमी लागतं आणि पाऊस सुरू होण्याआधी पीक निघालंच पाहिजे. एक आजी दोन्ही हातांत दोन झाऱ्या घेऊन उतारावरून चढ-उतर करत होत्या. त्यांनी कोथिंबिरीची जुडी पुढे केली आणि पैसे घ्यायला नकार दिला.

आता पुलाबद्दल. गावापासून दोन-तीन किलोमीटर पश्चिमेला तो आहे. त्याच्या पायथ्याशी, नदीच्या पातळीवर जाऊन आधी त्याची खालची बाजू बघावी. जानेवारीत तिथे वाळूचा पट्टा उघडा असतो. पूल काँक्रीटच्या पोकळ पेटीसारख्या तुळयांचा आहे. प्रत्येक खांबाजवळ तुळई जाड आणि दोन खांबांच्या मधोमध पातळ होत गेलेली दिसते. हा आकार बांधण्याच्या पद्धतीतून आला आहे. आधी खांब उभा करायचा. मग त्याच्या डोक्यावरून डाव्या-उजव्या बाजूला एकेक तुकडा सारख्याच वजनाचा वाढवत न्यायचा. शिखर शिंगणापूरची कावड खांद्यावर तोलतात तसंच हे काम, एकीकडे जास्त झालं की खांब वाकतो. प्रत्येक तुकडा आतून पोलादी तारांनी ताणून मागच्याला घट्ट बांधतात. दोन खांबांकडून आलेले हात मधोमध भेटले की तो गाळा पूर्ण होतो. सगळ्यात जास्त ताण खांबापाशी, म्हणून तिथे जाडी जास्त.

ही पद्धत इथे निवडण्याचं कारण नदीतच आहे. उन्हाळ्यातली आणि पुरातली पातळी यांत इथे दहा मीटरहून जास्त फरक पडतो. पात्रात खालून टेकू उभे करून तुळई ओतायची म्हटलं तर एका पावसाळ्यात सगळे टेकू वाहून जातील. वरच्यावर, खांबाकडून पुढे सरकत बांधलं की पात्रात फक्त खांबांचा पाया खोदण्यापुरतंच उतरावं लागतं, आणि ते काम कोरड्या महिन्यांत उरकता येतं. खांबांवरच्या गढूळ रेघा बघाव्यात. पाणी कुठवर चढतं ते त्यावरून कळतं.

दुपारी गावाच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवरचं साला केओ कू बघितलं. हे मूर्तींचं मोठं उद्यान आहे. बुनलुआ सुलिलात (१९३२–१९९६) या साधकाने १९७८ पासून ते उभं केलं. सगळं विटा आणि सिमेंटचं. सर्वांत उंच शिल्प पंचवीस मीटरचं, सात फण्यांच्या नागाखाली बसलेला बुद्ध. गणपती, शंकर, विष्णू हेही इथे आहेत, थाई चेहऱ्याचे. भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या घोळक्यातून शांतपणे चाललेला हत्ती चुकवू नये. या माणसाचं पहिलं उद्यान नदीच्या पलीकडे आहे. ते गुरुवारी बघू.

खाण्याची मजा था साडेट बाजारात आहे. १९९४ पूर्वी लाओसला जाणारी होडी इथूनच सुटायची. इथलं मुख्य अन्न चिकट भात. तांदूळ रात्रभर भिजत घालतात. सकाळी बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर नुसत्या वाफेवर शिजवतात, मध्येच एकदा टोपली हलवून पूर्ण गोळा पालटतात. पाण्यात शिजवला तर लगदा होतो. झाकणाच्या छोट्या टोपलीत तो वाढतात, हाताने गोळी करायची आणि चटणीत बुडवायची. चमचा कुणी घेत नाही. भाजलेली मिरची, लसूण आणि टोमॅटो कुटून केलेली चटणी मागावी. आम्ही तिच्याशेजारी शेंगा चटणी ठेवली. दुकानदारीण बाईंनी ती चाखली, शेजारच्या गाड्यावरच्या बहिणीला बोलावून आणलं, आणि बदल्यात त्यांच्या चटणीची पुडी बांधून दिली.

शाकाहारींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत शेंगदाणे दिसतात, पण त्याच खलबत्त्यात सुकट, माशाचं पाणी आणि आंबवलेली मासळीही पडते. ‘मांस नको’ म्हटल्याने मासा थांबत नाही, तिकडे मासा मांसात धरत नाहीत. थायलंडमध्ये ‘जे’ हा शब्द वापरावा, त्यात मांस, मासे, अंडी काहीच येत नाही, कांदा-लसूणही नसतो. दुकानावर लाल अक्षरांची पिवळी पताका असेल तर ते दुकान तसंच. लाओसमध्ये ‘बो साई पा देक’ म्हणजे आंबवलेली मासळी घालू नका. आणि कुटण्याआधी खलबत्ता धुवायला सांगावं, लोक आनंदाने धुतात.

मंगळवार: पुलावरून पलीकडे

पूल सकाळी सहा ते रात्री दहा उघडा असतो. आठच्या आत पोहोचलं तर पलीकडच्या व्हिसाच्या रांगेत पुढे राहता येतं. उशिरा गेलं की मोठ्या बसमधून आलेले गट एकदम उतरतात.

प्रवास असा होतो. आधी थाई बाजूला पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का. मग पुलावरच्या बसचं तिकीट, माणशी वीस-तीस बाट. सामान घेऊन पायी पूल ओलांडू देत नाहीत. बस भरली की सुटते. नाँगखाई किंवा उदोन थानी या थाई शहराहून थेट व्हिएन्तियानला जाणारी बसही आहे, पण ज्यांना व्हिसा पुलावर काढायचा आहे त्यांनी ती घेऊ नये. ती बस लाओस बाजूला फार वेळ थांबत नाही. व्हिसाच्या रांगेत वेळ गेला की ती सामानासह पुढे निघून जाते.

बसमध्ये डाव्या खिडकीशी उभं राहावं. मध्ये एकच मीटर गेज रूळ, त्याच्या दोन्ही बाजूंना साडेतीन मीटरची एकेक मार्गिका, आणि कडेला दीड-दीड मीटरचे पदपथ. रूळ रस्त्याच्या पातळीतच बसवला आहे. गाडी येते तेव्हा दोन्ही टोकांना वाहनं थांबवतात आणि पूर्ण पूल गाडीला मोकळा देतात. मधल्या रेषेपर्यंत थाई झेंडे, पुढे लाओ झेंडे.

पुलावर वाहतूक डाव्या बाजूने चालते, थायलंडसारखी. लाओसमध्ये मात्र उजवीकडून, फ्रेंच राजवटीपासूनची पद्धत. बदल पूल संपल्यावर, लाओसच्या तपासणी नाक्याच्या आधी होतो. दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदून बाजू बदलतात आणि तिथे सिग्नल आहे. स्वतःची गाडी चालवणाऱ्याचा गोंधळ या सिग्नलवर होत नाही. तो होतो पुढच्या पहिल्या चौकात, डावीकडे वळताना, म्हणून तिथे वेग कमीच ठेवावा.

लाओस बाजूला व्हिसाच्या खिडक्या. एका खिडकीत अर्ज, फोटो आणि पासपोर्ट द्यायचा, दुसरीत पैसे भरून पासपोर्ट परत घ्यायचा. अर्जात मुक्कामाचा पत्ता लागतो, हॉटेलचं नाव लिहून नेलेलं बरं. मग प्रवेशाचा शिक्का. हा शिक्का खिडकीसमोरच उघडून बघावा. पान चिकटून शिक्का राहून गेला किंवा तारीख पुसट उठली, तर बाहेर पडताना दंड आणि तासभराची चर्चा होते. आमच्या पुढच्या जोडप्याला त्याच कारणाने परत बोलावलं गेलं. खिडकीतल्या तरुणाने त्यांच्याकडे बघून हसून दुसरा शिक्का उठवला.

शहर साधारण वीस किलोमीटरवर. शहर बस खुआ दिन स्थानकाला जाते आणि सर्वांत स्वस्त आहे. टॅक्सीवाले बस बंद असल्याचं सांगतात, त्यावर विसंबू नये. पैशांचं म्हणजे लाओ किप हजारांत आणि लाखांत मोजतात. हातात लाखाची नोट आली की दचकू नये. शहरात बाटही चालतात, पण सुटे किपमध्ये परत येतात आणि भाव दुकानदार ठरवतो. थोडे किप अधिकृत ठिकाणी बदलून घेणं चांगलं.

संध्याकाळी नदीकाठी बाजार भरतो आणि त्याच्याआधी बायका-पुरुष मिळून गाण्याच्या तालावर व्यायाम करतात, कुणीही सामील व्हावं. काठावरच्या बागेत राजा अनुवोंगचा मोठा पुतळा आहे, नदीच्या दिशेने हात पुढे केलेला. व्हिएन्तियानचा हा शेवटचा राजा. त्याने सयामविरुद्ध उठाव केला, तो १८२८ मध्ये मोडला आणि शहर उद्ध्वस्त झालं. पुढे १८९३ च्या तहात मेकाँगचा डावा काठ फ्रेंचांकडे गेला आणि नदी सीमा बनली. १९२६ च्या करारानुसार जिथे बेटं आहेत तिथे सीमा थाई काठाजवळच्या प्रवाहातून जाते, म्हणून पात्रातली बहुतेक बेटं लाओसची आहेत. थायलंडच्या ईशान्य भागात लाओ भाषा बोलणारी माणसं लाओसपेक्षा जास्त आहेत. टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडून कर्नाटकातल्या धूळखेडला सोयरीक जुळवणाऱ्या आपल्या भागातल्या घरांना हे नव्याने सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की इथे लग्नाच्या वऱ्हाडालाही शिक्का घ्यावा लागतो.

बुधवार: व्हिएन्तियान

सकाळ फ्रेंच पद्धतीच्या लांब पावाने सुरू होते, आत काकडी, गाजर, कोथिंबीर आणि मिरचीची चटणी. बिनमांसाचा करून देतात. हाऊ फ्रा केओ हे त्या हिरव्या मूर्तीचं मूळ मंदिर, आज ते संग्रहालय आहे आणि गाभाऱ्यात मूर्ती नाही. रस्त्यापलीकडे वाट सी साकेत, १८१८ मध्ये अनुवोंगनेच बांधायला घेतलेलं. १८२८ च्या विध्वंसात जवळजवळ एवढंच वाचलं. भिंतीतल्या कोनाड्यांत हजारो छोट्या बुद्धमूर्ती आहेत. सकाळी नऊच्या उन्हात व्हरांडा सर्वांत सुंदर दिसतो.

दुपार आम्ही मागांना दिली. सोलापूरच्या माणसाने व्हिएन्तियानला जाऊन हातमाग न बघणं बरोबर नाही. बायकांच्या लुंगीसारख्या वस्त्राला, ‘सिन’ला, खाली नक्षीची रुंद किनार असते. आपल्याकडे अशी नक्षी जेकार्ड करतो, पत्त्यावरच्या भोकांनी कोणता धागा उचलायचा ते ठरतं. लाओ मागावर पत्ते नाहीत. ताण्याच्या मागे उभ्या लांब दोऱ्यांची एक जाळी टांगलेली असते आणि तिच्यात आडव्या दोऱ्या किंवा बांबूच्या काड्या ओवलेल्या असतात. एक आडवी दोरी म्हणजे नक्षीची एक ओळ. विणणारी ती दोरी पुढे ओढते, त्या ओळीचे ताणे वेगळे निघतात, त्यांत पट्टी उभी करून जागा करते, रंगीत बाणा हाताने घालते आणि फणी ठोकते. मग ती दोरी काढून जाळीच्या खालच्या बाजूला ओवते. सगळ्या ओळी खाली गेल्या की उलट क्रमाने वर आणते, म्हणून नक्षीचा दुसरा अर्धा भाग पहिल्याचं प्रतिबिंब असतो. नवीन नक्षी बसवायला अनुभवी बाईलाही कित्येक दिवस लागतात, पण एकदा बसली की जाळी गुंडाळून ठेवता येते आणि दुसऱ्या मागावर टांगता येते. मागावरच्या बाईंना आमच्यातल्या पद्मशाली जोडप्याने फणीतली धाग्यांची दाटी बोटांच्या खुणांनी विचारली, त्यांनीही खुणांनीच सांगितली. दुभाषी बाजूला उभा राहिला.

कापड घेताना उलटी बाजू बघावी. हातमागाच्या नक्षीचे धागे मागे मोकळे किंवा गाठ मारलेले दिसतात. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत असतील तर ते छापील किंवा यंत्रावरचं असतं. बाजारात दोन्ही एकाच भावाने सांगतात.

पातुसाय ही विजयाची कमान (१९५७ ते १९६८) संध्याकाळी चढावी. धावपट्टीसाठी आलेलं अमेरिकन सिमेंट तिच्यात वापरलं गेलं, असं तिथे सगळेच सांगतात. वरून शहराचा सरळ मुख्य रस्ता दिसतो.

गुरुवार: बुद्ध पार्क

खुआ दिनहून १४ क्रमांकाची बस पुलाजवळून पुढे बुद्ध पार्कला जाते, तासभर लागतो. शेवटचा रस्ता धुळीचा, तोंडाला रुमाल हवा. बुनलुआने १९५८ मध्ये हे उद्यान सुरू केलं, १९७५ मध्ये लाओसमध्ये सत्ता पालटली तेव्हा तो नदी ओलांडून थायलंडला गेला आणि तिथे साला केओ कू उभारलं. दोन्ही बघितल्यावर हाताची सफाई वाढत गेलेली कळते. इथल्या मूर्ती बसक्या आणि दाट, तिकडच्या उंच आणि मोकळ्या. भोपळ्यासारख्या गोल इमारतीत राक्षसाच्या तोंडातून शिरायचं, आत नरक, पृथ्वी, स्वर्ग असे तीन मजले. जिने अंधारे आणि अरुंद आहेत, गुडघेदुखी असणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. आडवी पहुडलेली चाळीस मीटरची बुद्धमूर्ती बाहेरूनच दिसते.

दहाच्या आत पोहोचावं. बाराला सावली राहत नाही. पार्कमागे नदीकाठी गवती छपरांची खानावळ आहे, तिथे केळीचे तळलेले काप मिळतात.

शुक्रवार: रेल्वेने परत

येताना पूल रेल्वेने ओलांडावा, आणि तो दिवसा. संध्याकाळची बँकॉक गाडी जानेवारीत अंधारात पुलावर येते. उदोन थानीला जाणारी सकाळची गाडी घ्यावी.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. व्हिएन्तियानला दोन वेगवेगळी स्थानकं आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या चीनच्या रेल्वेचं मोठं स्थानक शहराच्या उत्तरेला आहे, तिथून थायलंडची गाडी सुटत नाही. आपल्याला हवं ते खामसावात. टॅक्सीवाल्याला नाव लिहून दाखवावं आणि ‘थाई रेल्वे’ असंही सांगावं.

पुलावरून पहिली गाडी ५ मार्च २००९ रोजी गेली, तेव्हा ती पूल संपल्यावर थोड्याच अंतरावर थानालेंगला थांबायची. खामसावातपर्यंत प्रवासी गाड्या जुलै २०२४ मध्ये आल्या. थाई रूळ एक मीटरचा, चिनी रूळ १,४३५ मिलिमीटरचा, म्हणून थानालेंगला मालाचे डबे एका गाडीतून दुसरीत उचलून ठेवावे लागतात. कुर्डुवाडीला बार्शी लाइटची नॅरोगेज आणि होटगीला गदगची मीटर गेज असताना आपल्याकडेही हेच चालायचं. त्या जुन्या हमालीचा हिशोब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना थानालेंगच्या यार्डातल्या क्रेन बघताना वेळ पुरणार नाही. याच पुलाशेजारी रुंद रुळांसाठी दुसरा पूल बांधण्याचा थायलंडचा बेत आहे.

लाओसचा शिक्का खामसावात स्थानकातच होतो, म्हणून गाडीच्या निदान तासभर आधी जावं. उरलेले किप तिथे पोहोचण्याआधी शहरातच बदलून टाकावेत. लाओसबाहेर ते कुणी घेत नाही, नाँगखाईतले काही दुकानदार सोडले तर. गाडी पुलावर सावकाश चालते. रूळ मधोमध असल्याने दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, मात्र सकाळी पूर्वेच्या खिडकीवर ऊन येतं आणि फोटो बिघडतात, पश्चिमेची बाजू घ्यावी. नाँगखाईला सगळं सामान घेऊन उतरायचं, थाई शिक्का घ्यायचा, आणि पुढे जायचं असेल तर त्याच गाडीत परत बसायचं. डिजिटल कार्ड आदल्या रात्री भरलेलं नसेल तर फलाटावर फोन हातात घेऊन उभं राहावं लागतं.

उदोन थानीहून बँकॉकला तासाभराचं विमान आहे. हैदराबादचं विमान त्याच रात्री असेल तर मधे किमान पाच तास ठेवावेत, कारण देशांतर्गत विमानं बहुतेक डॉन मुआंगला उतरतात आणि भारताची बरीचशी सुवर्णभूमीहून सुटतात. दोन्ही विमानतळांमधला रस्ता संध्याकाळी तुंबलेला असतो. तिकिटं काढताना दोन्हीकडे एकच विमानतळ मिळत असेल, तर पाचशे-हजार रुपये जास्त पडले तरी तेच घ्यावं.